घडीकाकूंचा पासपोर्ट

घडीकाकूंना हे नाव बाइंडिंगच्या कारखान्यात पडलं. कारखाना म्हणायचं आपलं, होत्या राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. एकीत कटिंग मशीन आणि शिवलेली पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब, दुसरीत एक लांबलचक टेबल. छापखान्यातून चादरीएवढे कागद यायचे, त्या टेबलावर त्यांच्या घड्या घालायच्या, घड्या ओळीने लावायच्या आणि शिवायला नवऱ्याकडे सरकवायच्या, हे काकूंचं काम. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात त्या टेबलाशी बसल्या, त्या बसल्याच. गठ्ठे आणणारा हमाल, छापखान्याचा मॅनेजर, वह्या न्यायला येणारे शाळांचे शिपाई, सगळे त्यांना घडीकाकू म्हणत. हळूहळू शेजारपाजारही म्हणायला लागला आणि शेवटी खुद्द काकूही फोनवर "मी घडीकाकू बोलतेय" असं सांगू लागल्या.

नवऱ्याला लोक तोंडावर बाइंडरसाहेब म्हणत आणि पाठ वळली की काटकोन. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगितलेलं बरं, कारण पुढे ऐकताना तसं वाटणार आहे. पण कुठलीही वस्तू आहे तशी राहू देणं हे काही त्याच्या रक्तात नव्हतं. घरात नवीन पुस्तक आलं की तो आधी ते उलटं धरून हलवायचा, पाठीवरून अंगठा फिरवायचा, नाक मुरडायचा आणि संध्याकाळपर्यंत ते पुस्तक उसवून पुन्हा शिवलेलं असायचं. मुलीची शाळेची पुस्तकं, लग्नाचा अल्बम, गॅसचं कार्ड, मिक्सरबरोबर आलेली माहितीपुस्तिका, काही सुटलं नाही. शेजारच्या शिंप्याने एकदा वाचायला म्हणून कादंबरी दिली, ती परत गेली तेव्हा तिला नवा पुठ्ठा होता आणि तिन्ही कडा इतक्या साफ कापलेल्या होत्या की बिचाऱ्याला आपली कादंबरी ओळखू येईना. त्याने पुन्हा म्हणून काही दिलं नाही.

माणसांच्या बाबतीतही काटकोनाची हीच रीत. पोरीने एक दिवस जेवताना सांगितलं की मी लग्न ठरवलंय. मुलगा चांगला होता, नोकरीला होता, फक्त काटकोनाने निवडलेला नव्हता. तो ताटावरून उठला. "एक पान वाकडं लागलं तर मी अख्खं पुस्तक उसवतो," एवढंच म्हणाला आणि कटिंग मशीनला तेल घालायला गेला. पोर काही पुस्तक नव्हती. तिने दुसऱ्या शहरात जाऊन नोंदणी लग्न केलं. काकूंना जायचं होतं. काटकोन नको असं म्हणाला नाही, त्याने फक्त शाळेच्या वह्यांचं तातडीचं काम आणून टेबलावर ठेवलं. पोरीच्या लग्नाच्या दिवशी काकू संध्याकाळपर्यंत रेघांच्या कागदांच्या घड्या घालत होत्या. फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांना ताप भरलाय. नाहीतर आलोच असतो."

ही पहिली थाप. पुढे त्यांना सवय झाली. बाबा तुझी आठवण काढत होते. तुझा फोटो बाबांनी दोनदा बघितला. बाबांचा घसा बसलाय, म्हणून फोनवर येत नाहीत. पोर नवऱ्याबरोबर परदेशी गेली, बाप-लेकीचं बोलणं नाहीच, आणि मधल्या खड्ड्यात काकू वर्षानुवर्षं थापांची भर घालत राहिल्या. पोरीला कळत होतं. कळूनही ती "हो का" म्हणायची, आणि ते "हो का" काकूंना झोंबायचं.

मग तिला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. तो फोन काकूंनी कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये उभ्याने घेतला. "आई, तू येऊ शकशील का?" पोरीने विचारलं. पासपोर्टच नव्हता, येणार कुठून? पलीकडे पोर हमसून हमसून रडत होती आणि अलीकडे काकू "हो गं, हो गं" करत होत्या. फोन ठेवल्यावर त्या टेबलाशी बसल्या नाहीत. हात पुसले, पिशवी घेतली आणि पासपोर्टच्या कचेरीचा पत्ता विचारत निघाल्या. नवऱ्याला न विचारता केलेली आयुष्यातली ही पहिली गोष्ट. पुढच्या खेपा, रांगा, पोलिसांची चौकशी, सगळं त्यांनी एकटीने उरकलं आणि पासपोर्ट हातात आला तेव्हा तो दोन्ही हातांनी धरून घरी आणला. काटकोनाने तो उलटा करून हलवला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मशीनची शिलाई. टिकायची नाही." काकूंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली ठेवला.

दोन वर्षांनी पोरीला पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरांनी तिला सातव्या महिन्यापासून झोपून राहायला सांगितलं. जावयाची नोकरी पाळ्यांची, त्याला सुट्टी मिळेना. "आई, या वेळी तू हवीस," पोर म्हणाली. "बाकी काही नको. तू फक्त जवळ बस." काकूंनी त्याच दुपारी काटकोनापुढे उभं राहून सांगितलं की मी जाणार. भांडणाची सगळी तयारी मनात झाली होती. काटकोन सुईत दोरा ओवत होता. दोरा ओवून झाल्यावर म्हणाला, "जा."

एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने जाण्याचा असा काही ताबा घेतला की काकूंना वाटलं, हा नाही म्हणाला असता तर सोपं गेलं असतं. व्हिसाचे कागद त्याने लावले, क्रमाने, कडेला कड जुळवून. तिकीट काढणाऱ्या ट्रॅव्हलवाल्याने नियमांचा एक छापील कागद दिला होता, तो काटकोनाने पेन्सिल घेऊन ओळीन् ओळ वाचला. पासपोर्टची मुदत पुढे सहा महिने तरी हवी. होती, चांगली सात-आठ वर्षं होती. तरी त्याने ट्रॅव्हलवाल्याला फोन केला की सहा महिने जायच्या तारखेपासून धरायचे, उतरायच्या की परतायच्या? ट्रॅव्हलवाला म्हणाला, "अहो, कुठूनही धरा, तुमची मुदत बख्खळ आहे." काटकोनाला हे उत्तर आवडलं नाही. त्याने तिन्ही तारखांपासून मोजून तिन्ही ठिकाणी खुणा केल्या. दोन पानं कोरी हवीत, ती होती. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं, जुळत होतं. सही हवी, होती. झेरॉक्स हव्यात म्हणून काटकोन पासपोर्ट घेऊन गेला आणि झेरॉक्सवाल्याने तो काचेवर उताणा घालून वरून तळहाताने असा काही दाबला की मधली पानं शिलाईतून ढिली झाली.

शेवटचा नियम राहिला होता. पासपोर्ट सुस्थितीत असावा, फाटलेला किंवा पानं सुटलेला चालणार नाही.

काटकोनाने टेबलाशी बसून पासपोर्ट उघडला. मधलं पान बोटाने हलवलं. ते हललं.

"बघ," तो म्हणाला. "मी तेव्हाच म्हणालो होतो."

"अहो, एवढं कोण बघतंय," काकू म्हणाल्या.

"नियम वाच. पानं सुटलेला चालणार नाही."

"सुटलीयत कुठे? ढिली झालीयत."

"आज ढिली, उद्या सुटतील. विमानतळावर सुटली तर?"

"मग त्या ट्रॅव्हलवाल्याला विचारा एकदा."

काटकोनाने चष्म्यावरून बघितलं. सहा महिने कुठून धरायचे हे त्याने ट्रॅव्हलवाल्याला विचारलं होतं, कारण ते त्याला माहीत नव्हतं. शिलाईचं विचारायचं? त्याने? "त्याला बांधणीतलं काय कळतं?" तो म्हणाला. काकूंना वाद घालायचा नव्हता. बाळासाठी मऊ दुपटी घ्यायची होती, पोरीसाठी लोकरीचे मोजे घ्यायचे होते, आणि जायच्या आधी घरात कुरबुर नको होती. त्या पिशवी घेऊन बाजारात गेल्या.

परत आल्या तेव्हा पासपोर्ट दाबाखाली होता. संध्याकाळी काटकोनाने तो काढून त्यांच्या हातात दिला. आता खरं सांगायचं तर काम सुरेख होतं. मशीनचा तकलादू दोरा जाऊन मेण लावलेला बारीक दोरा आला होता, टाके सारखे आणि घट्ट. त्याला जुजबंदी म्हणतात. पुस्तक फाटेल पण शिलाई सुटायची नाही, अशी. पाठीवर आतून कापडाची पट्टी बसवली होती, ती वरच्या कव्हराच्या रंगाशी इतकी जुळवलेली की डोळ्यांत तेल घालून बघितलं तरच दिसावी. पानांचे दुमडलेले कोपरे साफ होते, म्हणजे कडा केसभर कापल्या होत्या. काकूंचा जन्म कागदात गेलेला. अशा कामाची किंमत त्यांना नाही कळणार तर कुणाला? हे विमानतळावर चालेल का, असं क्षणभर वाटलंही. पण हाताला तो पासपोर्ट इतका छान लागत होता की त्या म्हणाल्या, "छान झालंय."

काटकोन खाली मान घालून खळीचा ब्रश धूत होता. "तिला दाखव," तो म्हणाला. "म्हणावं, बाबांनी शिवलाय."

पोरीच्या लग्नापासून त्याने तिच्यासाठी पाठवलेला हा पहिला निरोप. काकूंनी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली, आणि आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ नुसत्याच कपाटाशी उभ्या राहिल्या.

विमानतळावर सामान देण्याची खिडकी होती तिथवर नातेवाइकांना पास काढून येऊ देत होते, पण दोरीच्या बाहेर. काटकोन इस्त्रीचा शर्ट घालून दोरीला चिकटून उभा होता. खिडकीवरच्या मुलीने काकूंचा पासपोर्ट मशीनवर ठेवला. मशीनने वाचला नाही. तिने पुसून परत ठेवला. नाही. तिने तो हातात घेतला, फोटोचं पान तिरकं धरून कड बघितली, मग मधोमध उघडला आणि टाक्यांवरून नख फिरवलं.

"काकू," मुलगी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हा कधी उसवला होता का?"

काकूंनी आयुष्यात इतक्या थापा मारल्या होत्या, पण नेमकी या वेळी एकही सुचेना. "पानं जरा ढिली..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

तेवढ्यात दोरीच्या बाहेरून आवाज आला. "मी शिवलाय तो. जुजबंदी आहे. ओढून बघा, काही होणार नाही."

त्या आवाजात काय नव्हतं? उभ्या जन्मात आपलं काम कुणी असं नख फिरवून बघितलं नव्हतं, ते आज बघितलं, त्याचा आनंद होता. मुलीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि टेबलावरचा फोन उचलला.

इमिग्रेशनचा साहेब आला, तो सभ्य माणूस होता. ओरडला नाही. त्याने काटकोनाला दोरीच्या आत बोलावलं आणि दोघांना बाजूच्या बाकावर बसवलं. "सरकारी पासपोर्टला कुणी हात लावलेला चालत नाही," तो म्हणाला. "नुसता ढिला असता तर मी बघितलं असतं काही. पण हा उघडून परत शिवलाय. आतलं पान बदललं नाही हे मी कशावरून मानू?"

"पान बदललं असतं तर खळीचा डाग दिसला असता," काटकोन म्हणाला. "तुम्ही बघा की. माझ्या हातचं काम आहे."

"काका, तुमच्या हातचं आहे, हीच तर अडचण आहे."

काटकोनाने खिशातून नियमांचा कागद काढला आणि पेन्सिलची खूण दाखवली. "सुस्थितीत असावा, असं लिहिलंय."

साहेबाने वाचलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "सुस्थितीत म्हणजे जसा दिला तसा." काटकोनाने कागद परत घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. जसं दिलं तसं ठेवायचं, हे कुणी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याला तो आळशीपणा वाटला असता.

काकूंनी हात जोडले. पोर झोपून आहे म्हणाल्या, पहिलं गेलंय म्हणाल्या, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. साहेबाने ती पूर्ण वाचली, म्हणूनच काकूंना जास्त लागलं. तो म्हणाला, "मी इथून सोडलं तरी तिकडचे लोक तुम्हाला उतरल्या पावली परत पाठवतील. लेकीला भेटायचं सोडून तुम्ही त्यांच्या कोठडीत बसाल." पासपोर्ट त्याने ठेवून घेतला. आता लेखी खुलासा द्यायचा, चौकशी व्हायची, मग नव्यासाठी अर्ज. किती दिवस लागतील? साहेब म्हणाला, सांगता येत नाही. विमान आपल्या वेळेला गेलं.

घरी येताना टॅक्सीत काटकोन एकदाच बोलला. "मशीन वाचत नव्हतं म्हणून त्यांनी उघडला. मी कडा कापायला नको होत्या. नुसती शिलाई कळली नसती त्यांना." काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना वाटलं, या माणसाला अजूनही आपलं काम कुठे चुकलं तेवढंच दिसतंय. पोर कुठे दिसतच नाहीये. मग त्यांना असंही वाटलं की कदाचित तीच तेवढी दिसतेय आणि त्याला तिच्याबद्दल दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलताच येत नाही. पण हे वाटून काय करायचं होतं? अशा समजूतदारपणातच त्यांचा जन्म गेला होता, आणि त्याचा त्यांना आता उबग आला होता. घरी पोचल्यावर त्यांनी पोरीला फोनवर एवढंच सांगितलं की बाबांनी पासपोर्ट शिवला, म्हणून अडवलं. लोकरीचे मोजे बॅगेत वरच होते. ती बॅग त्यांनी पुढे कित्येक दिवस रिकामी केली नाही.

पोर वेळेआधीच बाळंत झाली. जावई कामावर, शेजारीपाजारी कुणी ओळखीचं नाही, तिने स्वतःच फोन करून गाडी बोलावली आणि एकटी दवाखान्यात गेली. रक्त फार गेलं. दोन दिवस काही खरं नव्हतं, आणि ते दोन दिवस काकूंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. त्या कामाला बसल्या नाहीत, जेवल्या नाहीत, काटकोनाने पाण्याचा पेला आणून ठेवला तो तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला की धोका टळला. मुलगी झाली होती. लहानखुरी, पण धड.

पोर स्वतः फोन करण्याइतकी सावरली तेव्हा दुपार होती. काकू टेबलाशी होत्या, कारण काम साचलं होतं आणि छापखान्याचा मॅनेजर दारात येऊन तोंड वाकडं करून गेला होता. दोन्ही हात कागदात, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पलीकडच्या खोलीत कटिंग मशीन चालू होतं. पोरीचा आवाज ऐकू आला आणि मशीन थांबलं.

"आई, बाळ झोपलंय आत्ता," पोर म्हणाली. आवाज खोल गेला होता. थोडं दुधाचं बोलली, थोडं टाक्यांचं. मग म्हणाली, "आई, एक विचारू? थापा नको मारूस. दवाखान्यात पडल्या पडल्या मी हाच विचार करत होते."

"विचार की."

"बाबांनी पासपोर्टचं ते मुद्दाम केलं ना?"

काकूंचा हात घडीवर थांबला. दोन खोल्यांच्या मधलं दार उघडं होतं. काटकोन दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला होता, हातात कागदाचा कापलेला गठ्ठा तसाच. तो काकूंकडे बघत होता. आजवर काकूंनी त्याच्यासाठी जे जे सांगितलं ते सगळं खोटं होतं, आणि आज पहिल्यांदाच त्याच्या बाजूने सांगण्यासारखं खरं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. तो माणूस दारात उभा राहून त्या एका वाक्याची वाट बघत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. काकूंना दिसत होतं. त्यांनी घडी पुरी केली, तिच्यावरून अंगठा दाबून फिरवला.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या.

पलीकडे पोरीने श्वास सोडला. "मला तेच वाटलं होतं," ती म्हणाली.

काटकोन दारातून हलला. गठ्ठा घेऊन आत गेला आणि थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं. काकूंना वाटलं होतं, आपल्याला आता वाईट वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्यांनी पुढचा कागद ओढला, आवाज ऐकू यावा म्हणून फोन जरा जवळ घेतला, आणि बाळाला ढेकर कसा काढायचा ते पोरीला सांगू लागल्या.